मालिका कोणी संपवायची?
एका नेमाच्या प्रेक्षकाच्या वह्यांवरून काही निरीक्षणे

मराठीत नाटकाला समीक्षक मिळाले, चित्रपटाला मिळाले, कवितेला तर भरपूर मिळाले. दूरचित्रवाणी मालिकेच्या वाट्याला मात्र दोनच गोष्टी आल्या. मालिका सुरू होताना वर्तमानपत्रात येणारी ओळखवजा बातमी, आणि ती लांबली की होणारी टिंगल. या दोहोंच्या मधल्या शेकडो संध्याकाळी माणसे ती मालिका पाहत असतात. पाहताना काय बोलतात, कशावर चिडतात, कशाला हसतात, कुठे नाद सोडतात, याची नोंद कोणी ठेवत नाही. चोखंदळ वाचकांच्या घरातही रात्री आठला टीव्ही सुरू असतो. पण त्याबद्दल लिहायची वेळ आली की 'घरातल्या बायका बघतात' असे म्हणून आपण मोकळे होतो.

मी त्या बायकांपैकी एक. शिक्षण बारावीपर्यंत, पुढे पतसंस्थेत कारकुनी, आणि बाकीचे जे काही वाचन झाले ते गावातल्या वाचनालयाच्या कृपेने. समीक्षेची परिभाषा मला उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी कळली. पण एक काम मी नेमाने केले. २००२ पासून मालिका पाहताना घरातली, शेजारची, कधी प्रवासात भेटलेली माणसे जे बोलतात ते मी वहीत उतरवून ठेवते. तारीख, मालिकेचे नाव, बोलणाऱ्याचे नाते आणि वाक्य. 'आवडले', 'नाही आवडले' असे शेरे मी लिहीत नाही, वाक्यच लिहिते. अशा चौदा वह्या झाल्या आहेत. त्या दोन-तीन घरांपुरत्या आणि एका गल्लीपुरत्या आहेत, हे मान्य. तरी त्या वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. तीच या लेखात मांडायची आहे.

ती गोष्ट अशी की, प्रेक्षकाची प्रतिक्रिया बहुतेक वेळा पात्रांबद्दल वाटते, पण मुळात ती काळाबद्दल असते. ही गोष्ट किती वेळ चालणार, कुठे थांबणार, थांबवायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न प्रेक्षक सतत विचारत असतो. विनोदी मालिकेला तो एका तऱ्हेने विचारतो, गंभीर मालिकेला दुसऱ्या तऱ्हेने. आणि उत्तर मिळाले नाही की तो स्वतःच उत्तर तयार करतो.

१. पत्रांचा काळ

प्रेक्षकाने मालिकेशी बोलायला सुरुवात केली ती 'हम लोग'पासून, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ७ जुलै १९८४ रोजी ही मालिका सुरू झाली. तिच्या मुळाशी एका मराठी माणसाचा हात आहे, हे आपण विसरतो. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२ मध्ये मेक्सिकोला गेले होते. मिगेल साबिदो यांनी तिथे लोकशिक्षणासाठी मालिकांचा वापर केला होता. तो प्रयोग साठ्यांच्या मनात बसला आणि इथे कुटुंबनियोजनाचा संदेश देणारी मालिका करायचे ठरले. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन दोन शब्द बोलत.

पहिल्या तेरा-एक भागांनंतर संदेशाचा भार प्रेक्षकांना झेपेना, तेव्हा तो कमी करून गोष्टीला वाव दिला गेला. मग पत्रांचा पूर आला. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी या मालिकेसाठी आलेल्या पत्रांची संख्या चार लाखांच्या आसपास सांगितली आहे. बडकी आणि अश्विनी यांनी लग्न करावे म्हणून लोकांनी पत्रे लिहिली, तारा पाठवल्या. या पत्रांकडे भाबडेपणाचा पुरावा म्हणून पाहण्याची रीत आहे. लोक खोट्याला खरे समजतात, असा तिचा सूर असतो. मला ते पटत नाही. ज्याला गोष्ट खरी वाटते तो लेखकाला पत्र लिहीत नाही. तो बडकीच्या घरी आहेर घेऊन जाईल. पत्र लिहिणाऱ्याला नीट माहीत असते की गोष्ट कोणीतरी लिहीत आहे आणि अजून लिहून संपलेली नाही. म्हणून तर तो वेळेत पत्र टाकतो.

त्याच मालिकेत भागवंती नावाची आई होती. सोसणारी, स्वतःचे काही न मागणारी. 'असे वागू नये' हे दाखवण्यासाठी ते पात्र घडवले होते. पुढच्या अभ्यासांत दिसले ते असे की, अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. करणाऱ्यांनी एक मनात धरावे आणि पाहणाऱ्यांनी दुसरे घ्यावे, याचे आपल्याकडचे हे एक ठळक उदाहरण. पुढे आणखी एका पात्राबद्दल लिहिताना मला भागवंतीकडे परत यावे लागेल.

शेवटावरचा हक्क सांगणारे सगळ्यात जोरकस उदाहरण मात्र 'रामायणा'चे आहे. रामानंद सागर यांची ही मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात चालली आणि रामाच्या राज्याभिषेकानंतर थांबली. उत्तरकांड त्यात नव्हते. वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी त्याविरुद्ध जालंधरपासून संप पुकारला आणि तो इतर शहरांत पसरला. ज्या ऋषीचे नाव आपण लावतो, त्याच्या आश्रमात सीता राहिली, लव-कुश वाढले, आणि नेमका तोच भाग गाळायचा? गोष्ट इथे संपत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. सरकारला ते ऐकावे लागले आणि उत्तर रामायण पडद्यावर आले. कोणत्याही समीक्षकाने एखाद्या कलाकृतीच्या शेवटाबद्दल याहून स्पष्ट मत दिलेले मला माहीत नाही.

२. विनोदात काळ थांबतो

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. आमच्या चिंचवडच्या चाळीत एकाच घरी संच होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला तिथे जमिनीवर बसून मी 'चिमणराव' पाहिले. चि. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी केला आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी. मोठी माणसे 'पुस्तकातला चिमणराव जरा निराळा आहे' अशी कुरकुर करत आणि पुढच्या वेळी पहिल्यांदा जागा धरत.

चिमणरावाला अक्कल येत नाही, हे त्याचे भांडवल. दरवेळी तो नव्याने घोळात पडतो, गुंड्याभाऊ दणका देऊन आणखी घोळ करतो, आणि पुढच्या भागात दोघेही काही झालेच नाही अशा थाटात उभे असतात. चिमणराव एका भागात शहाणा झाला असता तर प्रेक्षकाने माफ केले नसते. विनोदी मालिकेकडे प्रेक्षक पुढे काय होणार हे विचारायला जात नाही. माणूस आहे तसाच आहे ना, हे पाहायला जातो. आजोळी गेल्यावर ओटीवर आजोबा त्याच खुर्चीत बसलेले दिसावेत, तशी ती ओढ असते.

पुढे २००१ मध्ये तेच प्रभावळकर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आबा झाले. चिमणराव पाहणारी मुले तोवर आबांच्या मुलाच्या, शेखरच्या वयाची झाली होती. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर ती मालिका आधारलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. शेखर म्हणजे राजन भिसे, श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, आणि शलाका-शिऱ्या ही नातवंडे. आठवड्यातून एकदा दिसणारी ही मालिका २००५ पर्यंत चालली.

माझी पहिली वही बरीचशी टिपऱ्यांचीच आहे. ती आता वाचताना एक गोष्ट लक्षात येते. टिपऱ्यांवरच्या बोलण्यात 'आता पुढे काय?' हे वाक्य जवळजवळ नाही. जे आहे ते असे : 'आपला शिऱ्या असाच करतो.' 'सुनेनं हे बोलायला नको होतं, पण बरोबर बोलली.' 'आबांना कळलंय सगळं, ते मुद्दाम बोलत नाहीयेत.' म्हणजे प्रेक्षक पुढे धावत नाही. तो बाजूला पाहतो, स्वतःच्या घराकडे. ही तुलना करायला त्याला सहा दिवस मिळतात. आठवडाभर ती वाक्ये घरात फिरतात, भांडणात वापरली जातात, आणि पुढच्या वेळी माणसे त्यावर काहीतरी ठरवून मालिकेसमोर बसतात. साप्ताहिक मालिकेचा निम्मा भाग पडद्यावर घडे, निम्मा त्या सहा दिवसांत.

मूळ लेखन डायरीच्या रूपात होते, हेही मला महत्त्वाचे वाटते. डायरीचे पान त्या दिवशी संपते. उद्याचे पान आज कोरे असते. टिपऱ्यांचा भाग तसाच संपे : छोटी काळजी, थोडी फजिती, थोडे शहाणपण, आणि दिवा मालवावा तसा शेवट. म्हणून मालिका थांबली तेव्हा माणसे हळहळली, पण फसवणूक झाली असे कोणी म्हटल्याची माझ्याकडे नोंद नाही. प्रत्येक आठवड्याला हिशेब चुकता होत होता. शेवटी थकबाकी काही राहिली नव्हती.

३. गंभीर मालिकेची थकबाकी

गंभीर मालिका पहिल्याच दिवशी उधारी घेते. कोणावर अन्याय होतो, कोणाचे गुपित दडवले जाते, दोन माणसांची ताटातूट होते. आणि प्रेक्षकाला न बोलता वचन दिले जाते की याचा निकाल लागेल. प्रेक्षक त्या वचनावर आपल्या संध्याकाळी देतो. मालिका रोजची झाली की ही देवघेव रोजची होते. मराठीत रोजच्या मालिकेची वाट दूरदर्शनवरच्या 'दामिनी'ने रुळवली. प्रतीक्षा लोणकर यांची पत्रकार दामिनी दुपारच्या वेळी घराघरांत येऊ लागली. पुढे खासगी वाहिन्यांनी ती वाट हमरस्ता केली.

रोजच्या मालिकेने सहा दिवसांची ती मधली जागा काढून घेतली. माझ्या वह्यांत हा बदल वाक्यांच्या लांबीतही दिसतो. साप्ताहिक मालिकेवर माणसे कारण देऊन बोलत. रोजच्या मालिकेवर उद्गार काढतात. विचार करायच्या आधी पुढचा भाग येतो.

पण उधारी फेडली तर प्रेक्षक ते विसरत नाही. २०१२ सालची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आठवून पाहा. सतीश राजवाडे यांचे दिग्दर्शन, मुक्ता बर्वे यांची राधा आणि स्वप्नील जोशी यांचा घनश्याम. दोघे आपापल्या सोयीसाठी करार करून लग्न करतात. पुढे ते प्रेमात पडणार, हे शेंबड्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळले होते. तरी माणसे पाहत राहिली, कारण कसे पडणार हे पाहायचे होते. आणि करार या शब्दातच मुदत होती. मालिका त्याच वर्षी संपली. माझ्या वहीत त्या आठवड्यात शेजारच्या काकूंचे वाक्य आहे : 'इतक्यात संपवली? बरं केलं म्हणा.' या दोन वाक्यांत हळहळ आणि शाबासकी दोन्ही आहेत. नेमक्या वेळी उठून जाणाऱ्या पाहुण्याबद्दल आपण असेच बोलतो.

याच्या उलट टोकाला 'होणार सून मी ह्या घरची'. तेजश्री प्रधान यांची जान्हवी लोकांना मनापासून आवडली होती. सहा सासवांच्या घरात गेलेली ही मुलगी, तिचा साधेपणा, शशांक केतकर यांचा श्री. सगळे जमून आले होते. मग जान्हवीचे बाळंतपण लांबले. किती लांबले याचा हिशेब गावभर झाला, आणि मोबाइलवरून विनोदांची लाट आली. त्या विनोदांना अनेकांनी कुचेष्टा म्हटले. मला त्यात अतिशय काटेकोर समीक्षा दिसते.

मराठी मालिका आपल्या पंचांगाला बांधलेली असते. आपल्याकडे गणपती आले की त्यांच्याकडे येतात. वटपौर्णिमेला तिथेही वडाला फेऱ्या होतात. पाडव्याला गुढी, दिवाळीत पहिली अंघोळ. 'आम्ही तुमच्याच दिवसांत राहतो' असे मालिका स्वतःहून सांगते. मग प्रेक्षक दिवस मोजतो यात त्याचे काय चुकले? पाडव्याला दिवस गेल्याचे सांगितले तर दिवाळीच्या आसपास बाळ व्हायला हवे. हा हिशेब बाईला शिकवावा लागत नाही. लग्नाचे सोहळे पंधरा-पंधरा दिवस चालले तरी तिची तक्रार नसते, कारण घरात कार्य निघाले की ते खरोखरच तितके दिवस पुरते. एका चहाच्या कपावर दोन भाग गेले तरी ती सहन करते. पण नऊ महिने हा तिच्या देहाला माहीत असलेला काळ आहे. तो ताणला की ती हसते. कोणता काळ ताणता येतो आणि कोणता नाही, याचा नियम प्रेक्षकांनी त्या विनोदांतून सांगितला होता. गंभीर मालिकेला लोक हसू लागले, याचा अर्थ त्यांची संवेदना बोथट झाली असा होत नाही. उधारी बुडाली हे त्यांना कळले, असा होतो.

४. सासूबाईंचा शेवट

'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ च्या अखेरीला सुरू झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये संपली. तीन हजारांहून अधिक भाग. रोहिणी हट्टंगडी यांच्या आशालता देशमुख आणि कविता लाड यांची अनुराधा. नावात चार दिवस आणि चाल अकरा वर्षांची, यावर तेव्हाही विनोद झाले. माझ्या सासूबाई ती पहिल्या आठवड्यापासून पाहत होत्या.

सुरुवातीची त्यांची वाक्ये सगळी गंभीर मालिकेच्या प्रेक्षकाची आहेत. 'हिला कधी कळणार?' 'हे उघडकीला आल्याशिवाय राहायचं नाही.' त्या आशालताबाईंशी भांडत, अनुराधेला सल्ले देत, आणि मधूनच माझ्याकडे बघून गप्प होत. सासू-सुनेची मालिका सासू-सुनेने एका खोलीत बसून पाहणे ही काय चीज आहे, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच कळेल. पडद्यावरच्या बायकांच्या आडून आम्ही दोघी पुष्कळ बोललो. सरळ बोललो असतो तर बोलणे वाढले असते.

२००७ नंतरच्या वहीत एक वेगळे वाक्य आहे. गुडघ्यांमुळे तोवर त्यांचे बाहेर जाणे थांबले होते. एक दिवस म्हणाल्या, 'हे माझ्या देखत संपेल ना गं?' मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्यानंतर काही महिन्यांनी, एका सणाच्या भागानंतर, त्या शांतपणे म्हणाल्या, 'मी आपली संपवून टाकली. सगळी एकत्र आली, झालं.' मला वाटले आता पाहणे सोडतील. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर चष्मा लावून बसल्या. पण पुन्हा कधी 'पुढे काय' म्हणाल्या नाहीत. कटकारस्थान सुरू झाले की तोंडात बडीशेप टाकत, आणि माणसे नुसती घरात वावरू लागली की निरखून पाहत. अनुराधेने साडी कुठली नेसली आहे, आशालताबाई थकल्यासारख्या दिसतात का, याकडे त्यांचे लक्ष असे.

त्या २०११ च्या पावसाळ्यात गेल्या. मालिका त्यांच्यानंतर दीड वर्षाने संपली.

त्यांनी केले काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे म्हणणे असे की, त्यांनी एक गंभीर मालिका घेतली, तिला स्वतःच्या अधिकारात शेवट दिला, आणि उरलेला काळ तिला विनोदी मालिकेसारखे वागवले. विनोदी म्हणजे हसवणारी, या अर्थाने नव्हे. माणसे आहेत तिथे आहेत ना एवढे पाहायचे, निकालाची अपेक्षा ठेवायची नाही, या अर्थाने. टिपऱ्यांच्या घरी जावे तशा त्या देशमुखांच्या घरी जाऊ लागल्या. वय झालेल्या, उद्याची खात्री नसलेल्या प्रेक्षकाने न संपणाऱ्या गोष्टीशी केलेली ही तडजोड होती. तिच्यात शहाणपण होते, पण ती तडजोडच होती, हेही विसरता कामा नये. त्यांना शेवट हवा होता. तो त्यांना कोणी दिला नाही, म्हणून त्यांनी घेतला.

नंतर मी ज्यांच्याशी या विषयावर बोलले त्या वयस्कर प्रेक्षकांपैकी अनेकांनी असे कुठे ना कुठे केलेले आढळले. 'आम्ही लग्नापर्यंतच धरतो.' 'ती वारली तिथे आमच्यासाठी संपली.' टीव्ही चालू असतो, माणूस समोर बसलेला असतो, आणि मालिका त्याच्यापुरती कधीच संपलेली असते.

५. मीटरला काय कळत नाही

ही गोष्ट मीटरला कळत नाही, इथे खरी अडचण सुरू होते. मालिका चालवायची की थांबवायची हे आता पत्रांवर ठरत नाही, टीआरपीवर ठरते. २०१५ पासून 'बार्क' ही संस्था हे आकडे दर आठवड्याला देते. निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. २०२० च्या सुमारास देशभरात अशी सुमारे चव्वेचाळीस हजार घरे होती. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक बटण. बसलात की दाबायचे, उठलात की पुन्हा दाबायचे. कोण, कोणती वाहिनी, किती वेळ, एवढे त्यातून कळते. जाहिरातीचा दर ठरवायला ते पुरेसे आहे, आणि त्यासाठीच ते केलेले आहे. मीटरवर राग काढण्यात अर्थ नाही.

पण पोस्टकार्डात 'कारण' असायचे. बडकीचे लग्न व्हावे, का व्हावे, हे लिहिणारा लिहायचा. मीटरला कारणासाठी रकाना नाही. प्रेमाने पाहणारा, सवयीने पाहणारा, जान्हवीचे महिने मोजत हसायला बसलेला, आणि मनातल्या मनात मालिका संपवून नुसती सोबत म्हणून बसलेली म्हातारी. सगळ्यांचे बटण सारखेच दाबले जाते. म्हणून ज्या काळात प्रेक्षक सगळ्यात जास्त नाराज असतो, त्या काळातही आकडा उत्तम असू शकतो. चेष्टा करायला का होईना, माणूस बसलेला असतो. मग वाहिनी म्हणते, लोकांना हेच हवे आहे.

विनोदी कार्यक्रमांत याची दुसरी बाजू दिसते. 'हम लोग'मध्ये अशोककुमार शेवटी येऊन काय घ्यायचे ते सांगत, पण तोवर प्रेक्षकाने आपले मत केलेले असे. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये सई ताम्हणकर, प्रसाद ओक समोर बसून हसतात आणि कॅमेरा ते हसणे आपल्याला दाखवतो. प्रहसनांत समीर चौघुले, नम्रता संभेराव, विशाखा सुभेदार यांच्यासारखी तयारीची माणसे दिसली आहेत. भाषेवर, देहावर त्यांची पकड आहे. त्यांना दुसऱ्याच्या हसण्याचा टेकू लागत नाही. तरी तो दिला जातो, आणि प्रतिक्रिया कार्यक्रमातच भरून येते. माझ्या वहीतले त्यावरचे सगळ्यात चांगले वाक्य माझ्या भाच्याचे आहे. एका प्रहसनावर परीक्षक हसून बेजार झालेले दाखवले तेव्हा तो म्हणाला, 'एवढं नाही हं.' पुढच्या प्रहसनाला तोच डोळे पुसत होता. या दोन प्रहसनांतला फरक त्याला कळला होता. मीटरवर ती दोन्ही सारखीच उमटली असती.

६. अण्णा नाईकांचा प्रश्न

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रेक्षकाच्या निवाड्यावर इतका भरवसा ठेवायचा, तर तो अण्णा नाईकांवर फिदा कसा झाला? 'रात्रीस खेळ चाले'चा पहिला भाग २०१६ मध्ये आला, दुसरा २०१९ मध्ये. माधव अभ्यंकर यांचे अण्णा म्हणजे बाईलवेडा, क्रूर, खुनशी जमीनदार. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता त्यांच्या जोडीला. सोसणारी भागवंती लोकांनी आदर्श केली तशीच ही उलटी तऱ्हा झाली : दुष्ट माणूस लाडका झाला.

आमच्या गल्लीतल्या बायका अण्णांना शिव्या देत आणि त्यांची वाट पाहत. त्यांचे बोलणे उतरवून काढल्यावर मला दोन कारणे दिसली. पहिले साधे आहे. आपल्या मालिकांतले बहुतेक पुरुष दिवाणखान्यात उभे राहून बायकांची भांडणे ऐकतात. त्यांना स्वतःला काही हवे असे दिसत नाही. अण्णांना भूक होती. खायची, प्यायची, बाईची, जमिनीची. वाईट का होईना, तो काहीतरी हवे असलेला माणूस होता. एका मावशींचे वाक्य आहे, 'मेला जिवंत तरी आहे.'

दुसरे कारण काळाचे. पहिल्या मालिकेची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूने झाली होती. दुसरी मालिका मागे गेली आणि त्यांचे आयुष्य सांगू लागली. म्हणजे शेवट काय हे प्रेक्षकाला अगोदर ठाऊक होते. हा माणूस मरणार आहे आणि त्याची पापे घरादाराला भोवणार आहेत, हे वचन आधीच फेडलेले होते. त्यामुळे त्याच्या मस्तीकडे निर्धास्तपणे पाहता आले. कीर्तनात रावणाचे आख्यान रंगते ते याच भरवशावर. शेवट पक्का असेल तर प्रेक्षक वाईटाकडेही टक लावून पाहू शकतो. शेवटाची खात्री नसेल तर चांगल्याचाही त्याला कंटाळा येतो. भागवंतीचे निराळे होते. तिचे सोसणे कधी संपणार हे कोणालाच माहीत नव्हते, आणि घरोघरी तशाच बायका तसेच सोसत होत्या. ज्या सोसण्याला शेवट दिसत नाही त्याला माणसे आदर्श म्हणू लागतात. त्याशिवाय ते सोसवत नाही.

७. एक सूचना

मालिका वाईट असतात की चांगल्या, हा वाद मला इथे घालायचा नाही. दोन्ही असतात, नाटकांतही दोन्ही असतात. नाटकाचा प्रेक्षक मात्र तिकिटाच्या पैशांत शेवट घेऊन घरी जातो. मालिकेच्या प्रेक्षकाला तो मिळेल याची हमी नाही, आणि त्यातल्या पुष्कळांकडे वाट पाहायला वर्षेही फार उरलेली नसतात. दर वर्षी वाहिन्या मालिका सुरू करताना गोष्टीची मुदत ठरवून घेतील आणि ती पाळतील, तर त्यांचे नुकसान होईल असे मला वाटत नाही. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आजही लोक मायेने आठवतात. पण ते त्यांच्या हातातले आहे.

आपल्या हातात आहे ते नोंद ठेवणे. 'हम लोग'ची पत्रे होती म्हणून त्यावर अभ्यास झाला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी घरांत मालिकांवर जे बोलले गेले ते बहुतेक हवेत विरले, आणि मोबाइलवरचे विनोद मोबाइल बदलताना गेले. पुढे कोणी या काळाचा सांस्कृतिक इतिहास लिहायला बसेल तेव्हा त्याच्यासमोर टीआरपीचे तक्ते असतील आणि त्यांत एकही वाक्य नसेल.

ज्यांच्या घरी नेमाने मालिका पाहिली जाते, त्यांनी एक दोनशेपानी वही टीव्हीजवळ ठेवावी. तारीख, मालिका, कोण बोलले आणि काय बोलले, एवढेच लिहावे. भाषा सुधारू नये, शिवी असली तर शिवीही लिहावी. आणि कोणी म्हणाले की 'आमच्यापुरती संपली', तर त्या वाक्याखाली रेघ मारावी.